दहा पैशांचे दोन आणे

एका खात्यात दहा पैसे टाकायचे. मग पुन्हा दहा पैसे. असं एक कोटी वेळा. शेवटी शिल्लक किती, हे चौथीतलं पोरही सांगेल: दहा लाख रुपये. आता हेच काम कॉम्प्युटरला लावा आणि शिल्लक ठेवायला त्याला ‘फ्लोट’ जातीचा, चार बाइटांचा आकडा द्या. एक कोटी बेरजा संपल्यावर तो १०,८७,९३७ रुपये दाखवतो. वरचे ८७,९३७ रुपये कुणी भरलेले नाहीत.

हौस असेल तर पुढेही दहा-दहा पैसे टाकत राहा. शिल्लक २०,९७,१५२ रुपयांवर जाऊन थांबते आणि मग काही केल्या हलत नाही. आणखी एक कोटी वेळा टाका, शंभर कोटी वेळा टाका, आकडा तोच. प्रोग्रॅम चुकलेला नसतो, मशीन बिघडलेलं नसतं, कुठे एररही येत नाही. प्रत्येक बेरीज नियमाप्रमाणेच होते.

हा नियम समजून घ्यायला जुना रुपया आठवावा लागतो. एक रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा काय आणि चौसष्ट काय, दोन्ही आकडे दोनाला दोनाने गुणत गेलं की मिळतात. कॉम्प्युटरच्या फ्लोटला अपूर्णांक कळतो तो एवढाच: अर्धा, पाव, अर्धपाव, त्याच्या निम्मा, त्याच्याही निम्मा. आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, तो तंतोतंत मांडतो. जुना पैसाही तंतोतंत. दहा पैसे मात्र म्हणजे एकदशांश, आणि निम्मे-निम्मे करत कितीही खोल गेलात तरी एकदशांशावर पाऊल पडत नाही. मग तो जवळचा आकडा धरतो. आठ बाइटांच्या ‘डबल’मध्येसुद्धा ०.१ हा प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५१… असतो.

भारतात १ एप्रिल १९५७ला रुपया दशमान झाला आणि त्याचे शंभर नवे पैसे झाले. त्या शंभरांत कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत अचूक बसणाऱ्या रकमा चारच: शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर पैसे. बाकी शहाण्णव रकमा अंदाजाने ठेवलेल्या असतात. आपल्या आज्या-पणज्यांनी पाठ केलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी यांतला प्रत्येक अपूर्णांक मात्र फ्लोटमध्ये बिनचूक बसतो. १९५७ पूर्वीच्या वाण्याची वही फ्लोटमध्ये बऱ्यापैकी चालली असती. आजच्या किराणा दुकानाचं बिल चालत नाही.

आता त्या ८७,९३७ रुपयांचा हिशोब लागतो. फ्लोटजवळ फक्त चोवीस बिटांची जागा आहे. शिल्लक जसजशी फुगते, तसतशी पुढचे आकडे सांभाळताना मागचे बारीक आकडे गळतात. शिल्लक १,३१,०७२ रुपयांच्या वर गेली की या खात्याचं सगळ्यात लहान माप एक जुना पैसा होतं. २,६२,१४४च्या वर ते अर्धा आणा होतं, ५,२४,२८८च्या वर एक आणा. म्हणून सव्वा पाच लाखांपर्यंत प्रत्येक वेळी टाकलेले दहा पैसे बराच काळ दीड आण्यानेच जमा होतात, म्हणजे थोडे कमीच. पाच लाख चोवीस हजारांचा उंबरा ओलांडला की दहा पैशांचे पूर्ण दोन आणे जमा व्हायला लागतात: साडेबारा पैसे. तिथून पुढच्या सुमारे ४५ लाख बेरजांत प्रत्येकी अडीच पैसे फुकट मिळतात. आणि २०,९७,१५२ला माप चार आण्यांचं होतं. दहा पैसे चार आण्यांच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे ते शून्य धरले जातात. खातं गोठतं ते तिथे.

हे सगळं मारुंजीच्या संदर्भात सांगायला कारण आहे. मुळशी तालुक्यातलं हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कला खेटून आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथे भातखाचरं होती, आता टाउनशिपचे टॉवर आहेत. डेटाबेसमध्ये पैशाच्या कॉलमचा प्रकार कोणता असावा हे ठरवणारी बरीच माणसं रात्री याच टॉवरांत झोपायला येतात. आणि याच टॉवरांतल्या फ्लॅटची किंमत अशी असते की ती फ्लोटमध्ये टाकली तर तिची शोभा व्हावी. जुनी नाणी आठवत असतील तर ही चढण पाहा. रक्कम १०,४८,५७६च्या वर गेली की फ्लोट चवलीत मोजतो. २०,९७,१५२च्या वर पावलीत. ४१,९४,३०४च्या वर अधेलीत. आणि ८३,८८,६०८च्या वर बंद्या रुपयात, पैसे अजिबात नाहीत. एक कोटी ६७ लाख ७७ हजार २१६च्या पुढे तर तो दोन-दोन रुपयांच्याच उड्या मारतो. मधला विषम रुपया त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

‘मग डबल वापरा की’ असं कुणीतरी म्हणतंच. त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही, हे मान्य करायला हवं. डबलमध्ये तेच दहा पैसे एक कोटी वेळा मिळवले तर ९,९९,९९९.९९९८३८… येतात. एका पैशाच्या साठाव्या भागाएवढाही फरक नाही. डबलला जुन्या एका पैशाच्या मापावर यायला रक्कम ७० लाख ३६ हजार कोटी रुपयांच्या पुढे जावी लागते. केंद्र सरकारच्या २०२५-२६च्या अंदाजपत्रकातला सगळा खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी होता, म्हणजे देशाचं बजेटसुद्धा त्यात पैशासकट मावतं.

पण आपण फक्त बजेट मोजत नाही. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात यूपीआयवरून सुमारे १८,५८७ कोटी व्यवहार झाले आणि त्यांची रक्कम झाली सुमारे २६१ लाख कोटी रुपये. भाजीवाल्याला दिलेले वीस रुपये, मेसचे पैसे, घरभाडं, सगळं त्यात. ही बेरीज डबलमध्ये ठेवली तर त्याचं सगळ्यात लहान माप होतं रुपयाचा बत्तिसावा भाग. म्हणजे बरोबर अर्धा आणा. जुना ढब्बू पैसा. जगातलं सगळ्यात आधुनिक पैसे पाठवण्याचं जाळं, आणि त्याची वर्षाची बेरीज ढब्बूंत. मला यात एक खट्याळ न्याय दिसतो.

डबलचा खरा त्रास मात्र लाख कोटींत होत नाही, तो थाळीच्या बिलात होतो. समजा हिंजवडीच्या रस्त्यावर जेवणाचं बिल १०७ रुपये झालं. जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. १०७चे अडीच टक्के म्हणजे २.६७५ रुपये. अर्धा पैसा वर न्यायचा असा नियम धरला तर २.६८. आता एक प्रोग्रॅमर लिहितो १०७ गुणिले ०.०२५, दुसरा लिहितो १०७ गुणिले २.५ भागिले १००. शाळेत दोघांनाही पूर्ण गुण मिळाले असते. डबलमध्ये पहिल्याचं उत्तर येतं २.६७५००००००००००००२६… आणि दुसऱ्याचं २.६७४९९९९९९९९९९९९८२…. गोल केल्यावर पहिल्याचे २.६८ होतात, दुसऱ्याचे २.६७. पहिल्याच्या बिलाची बेरीज ११२.३६, दुसऱ्याची ११२.३४. काउंटरवरचं मशीन एकाने लिहिलेलं आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याने, असं झालं की महिनाअखेरीला दोन्हीकडच्या बेरजा जुळत नाहीत. मग रात्री दहा वाजता कुणीतरी एक्सेलच्या दोन फायली शेजारी-शेजारी ठेवून दोन पैसे शोधत बसतो. त्या शोधाचा खर्च पैशात मोजला तर त्या हॉटेलच्या कित्येक थाळ्या भरतील.

गंमत म्हणजे तिसरं उत्तरही आहे. पाच टक्के एकदमच काढले तर ५.३५, बिल ११२.३५. हा फरक फ्लोटच्या माथी मारता येणार नाही. कर दोन तुकड्यांत गोल केला की एकदा, हा कायद्याच्या आणि करारांच्या वाटेचा प्रश्न. पण निदान तो प्रश्न माणसांनी विचारून, ठरवून सोडवलेला असतो. गुणाकार कुठल्या क्रमाने लिहिला यावर सरकारचा कर ठरू नये, एवढीच अपेक्षा.

म्हणून डेटाबेसमध्ये पैशासाठी वेगळे प्रकार असतात. डेसिमल किंवा न्युमरिक हा त्यांतला राजा: तो दशमानातच साठवतो, किती अंक आणि त्यातले किती दशांशचिन्हानंतर हे आपण सांगायचं. डेसिमल(१८,२) म्हणजे एकूण अठरा अंक, दोन पैशांचे. मायएसक्यूएलमध्ये जास्तीत जास्त ६५ अंक मिळतात, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ३८. पोस्टग्रेसने तर कहर केला आहे: दशांशचिन्हाच्या आधी १,३१,०७२ अंक आणि नंतर १६,३८३. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५०च्या सुमारास, एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. डेसिमल(१८)चे अंकही अठराच. योगायोगच, पण मजेचा. लीलावतीतली नाण्यांची कोष्टकंही पाहण्यासारखी आहेत: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. वरच्या दोन्ही पायऱ्या सोळाच्या, अगदी आण्यासारख्या.

दुसरी वाट म्हणजे रुपये सोडून थेट पैसेच पूर्णांकात साठवायचे. ही वाट चांगली आहे, फक्त डबा पुरेसा मोठा हवा. चार बाइटांच्या साध्या इंटमध्ये २१४,७४,८३,६४७ पैसे मावतात, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मारुंजीतल्या रस्त्याकडेच्या जमिनीचा एखादा सौदा त्यात मावणार नाही. आठ बाइटांचा बिगइंट घेतला तर सुमारे ९२ परार्ध पैसे, म्हणजे ९२,२३३ लाख कोटी रुपये. यूपीआयची २०२४-२५सारखी साडेतीनशे वर्षं त्यात आरामात जातील.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘मनी’ आणि ‘स्मॉलमनी’ नावाचेच प्रकार आहेत. नाव ऐकून नवखा माणूस भुलतो. स्मॉलमनीची मर्यादा २,१४,७४८.३६४७. हिंजवडीतल्या बऱ्यापैकी वरच्या इंजिनिअरचा महिन्याचा पगारही कधी कधी तिथे अडकेल. मोठा मनी ९२२ लाख कोटींपर्यंत जातो, यूपीआयच्या तशा साडेतीन वर्षांइतका. पण तो कायम चारच दशांश धरतो, आणि भागाकाराच्या मधल्या टप्प्यावरही चारापुढचं छाटून टाकतो. शेवटी टक्केवारी काढली की पैसे हुकलेले दिसतात. पोस्टग्रेसमधल्या मनीचं दुखणं वेगळं: दशांशानंतर किती अंक हे तो सर्व्हरच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून ठरवतो. सर्व्हर बदलला आणि सेटिंग बदललं की जुन्या रकमांचं काय होईल याची काळजी करत बसायचं. पैशाच्या कॉलमने स्वभावाने स्थितप्रज्ञ असावं, असं माझं मत आहे.

दोन दशांश हेही काही वेदवाक्य नाही. कुवेतला नोकरी करणाऱ्या कुणाही मराठी माणसाला विचारा, दिनाराचे हजार फिल्स होतात, तिथे तीन दशांश लागतात. परकीय चलनाचे दर चार दशांशांत येतात. दुसऱ्या टोकाला झिम्बाब्वेने जानेवारी २००९मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची नोट काढली होती. तशा ९९ नोटा डेसिमल(१८,२)मध्ये ठेवता येतात, शंभरावी ठेवली की अंक संपतात. हंगेरीत १९४६मध्ये निघालेली सगळ्यात मोठी नोट एकावर वीस शून्यं एवढ्या पेंग्योची होती. ती एकच नोट बिगइंटमध्ये मावत नाही.

डेसिमल घेतलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असंही नाही. गावाकडचं उदाहरण घेऊ. तिघा भावंडांनी सामाईक जमीन एक कोटी रुपयांना विकली. प्रत्येकाचा वाटा ३३,३३,३३३.३३. तिन्ही वाटे मिळवले तर ९९,९९,९९९.९९. एक पैसा गहाळ. डेसिमल कितीही अचूक असला तरी शंभराला तिनाने भाग जात नाही, तिथे तो काय करणार? जुन्या रुपयाला ही अडचण नव्हती. आण्याच्या बारा पया, रुपयाच्या १९२, आणि १९२ला तिनाने भाग जातो. प्रत्येकी ३३,३३,३३३ रुपये पाच आणे चार पया, हिशोब चोख. दशमानाने आपल्याला तिसरा हिस्सा गमवायला लावला. १९५७च्या बदलाच्या वेळीही हेच झालं. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चारांचे पंचवीस असं कोष्टक होतं. सोळा वेळा एकेका आण्याची खरेदी केली तर रुपयाऐवजी ९६ नवे पैसे जायचे. चार पैशांचा फायदा गिऱ्हाइकाचा.

तो उरलेला एक पैसा कुणाच्या पदरात घालायचा, हे प्रोग्रॅममध्ये कुणीतरी लिहावं लागतं. थोरल्याला द्या, शेवटच्या हप्त्यात टाका, काहीही करा, पण लिहून ठेवा. न लिहिता सोडलं तर तो कुठे जातो ते मोठ्या आकड्यांत दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ठेवींवरचं व्याज जवळच्या रुपयाला गोल करायचं असतं. देशात जनधन खातीच पन्नास कोटींहून जास्त आहेत. पन्नास कोटी खाती धरा आणि प्रत्येकाच्या व्याजातले वरचे पैसे कसेही पडतात असं समजा. गोल न करता नुसतेच छाटले, तर सरासरी पन्नास पैसे खात्यामागे जातात: एका तिमाहीत २५ कोटी रुपये. तेच जवळच्या रुपयाला गोल केलं तर काही खात्यांत वर जातं, काहींत खाली, आणि सगळ्यांचा मिळून फरक साधारण सहा-सात हजार रुपयांच्या घरात राहतो. पंचवीस कोटी आणि सहा हजार यांच्यामध्ये कोडची फक्त एक ओळ आहे.

त्यातही एक खोच आहे. व्याज आधी पैशापर्यंत गोल केलं आणि मग रुपयापर्यंत, तर शंभरातल्या एका खात्यात बरोबर पन्नास पैसे येतात, आणि ते नेहमी वरच जातात. खाली जाणारं समोर कुणी नसतं. पन्नास कोटी खात्यांवर हे २५ लाख रुपये होतात. त्यासाठी अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे न्यायची रीत आहे: साडेतीनाचे चार, साडेचाराचेही चार. तीही प्रत्येक डेटाबेसमध्ये आपोआप मिळत नाही.

छाटण्याने काय होतं याचा जाहीर दाखला व्हँकुव्हरच्या शेअर बाजारात मिळाला. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२मध्ये १००० वर सुरू झाला. दिवसाला सुमारे २,८०० वेळा तो नव्याने काढला जायचा आणि प्रत्येक वेळी तीन दशांशांपुढचं गोल न करता तोडून टाकलं जायचं. नोव्हेंबर १९८३मध्ये निर्देशांक ५२४.८११ दाखवत होता. बाजार मात्र चांगला चालला होता. नीट मोजल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. दर वेळी सरासरी अर्धा सहस्रांश तुटत होता, एवढंच. तेवढ्याने बावीस महिन्यांत निम्मा निर्देशांक गिळला.

मारुंजीतल्या फ्लॅटवाल्याला याचा सगळ्यात घरगुती प्रत्यय कर्जाच्या कागदात येतो. पन्नास लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता निघतो ४३,३९१ रुपये १६ पैसे. कागदावर तो ४३,३९१ छापला जातो. सोडून दिलेले सोळा पैसे दर महिन्याला मुद्दलात राहतात, त्यांच्यावर साडेआठ टक्क्यांनी व्याज चढतं, त्या व्याजावरही व्याज चढतं. दोनशे चाळीस महिन्यांनी त्यांचे शंभर रुपये होतात, त्यामुळे शेवटचा हप्ता ४३,३९१चा न राहता त्याहून शंभरेक रुपयांनी जास्त येतो. हप्ता वर गोल करून ४३,३९२ केला तर उलट होतं, आणि शेवटच्या महिन्यात पाचशेच्या आसपास रुपये कमी भरावे लागतात.